गोडो रुळली तेव्हा

रास्मिनी आणि मी एकाच लाँड्रीत समोरासमोरच्या टेबलांवर इस्त्री करायचो. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान, म्हणून मला म्बोक म्हणायची, म्हणजे ताई. बोलणं कमी. पण तिच्या घडीला तोड नव्हती. चादरीची चारही टोकं अशी जुळायची की मुकादम बाई ती चादर नव्या मुलींना उलगडू द्यायच्या नाहीत, नुसती बघा म्हणायच्या.

तिची हकिगत गावात सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे तिला कुणी काही विचारत नसे. नवऱ्याने दुसरी बाई केली. रास्मिनीने दोन वर्षं काढली, आणि मग एका सकाळी सासरच्या देवांचा निरोप घेऊन, कपड्यांची एक पिशवी घेऊन ती माहेरी आली. मुलगी तिकडेच राहिली. आमच्यात मूल बापाच्या कुळाचं, बापाच्या देवांचं. आई निघाली तर एकटीच निघते. सिंत्या तेव्हा आठ वर्षांची होती.

माहेरी आईवडील नव्हते. भाऊ सुआर्दा, त्याची बायको कोमांग आणि त्यांची दोन मुलं. रास्मिनीला स्वयंपाकघरामागची खोली मिळाली. सुआर्दा वाईट नव्हता, कोमांगही नव्हती. पण रास्मिनी त्या घरात पाहुण्यासारखी वावरायची. चहा प्यायली की कप लगेच धुवून, पुसून, होता तिथे. नळ सोडताना धार बारीक ठेवायची, आवाज नको म्हणून.

सिंत्या महिन्यातून एका रविवारी यायची. काका स्कूटरवर सोडून जायचा. ओट्याच्या कडेला बसायची आणि फोनमध्ये बघत राहायची.

"जेवलीस?"

"हो."

"शाळा?"

"ठीक."

एवढ्यावर दुपार सरायची. सोमवारी मी विचारायचे, "काय गं, काय म्हणाली लेक?" ती म्हणायची, "छान होती," आणि इस्त्री जरा जोरात दाबायची.

सिंत्या अकरा वर्षांची असताना, जानेवारीत, ती रविवारी नाही तर भर बुधवारी आली. गणवेशात, एकटी, सायकलवर, दप्तर पोटाशी धरून.

"मेमे, ओरडायचं नाही हं," ती आईला म्हणाली.

"काय केलंस?"

"आधी सांग, ओरडणार नाहीस."

दप्तरातून एक पिल्लू निघालं. दोन-अडीच महिन्यांचं, तांबूस, हाडं दिसणारं. मादी होती. मादी पिल्लं लोक गोणीत घालून बाजाराकडेला टाकून देतात, त्यातलीच ही. गोणीतली बाकीची तीन मेलेली होती. सिंत्याने हिला बापाच्या गोठ्यात तीन दिवस लपवलं, मग तिकडच्या आजीला दिसलं आणि आजीने झाडू उचलला.

"तळलेल्या केळ्यासारखी दिसते ना? गोडो म्हणायचं तिला," सिंत्या म्हणाली. आमच्याकडे तळलेल्या केळ्यांना गोडोच म्हणतात. "मेमे, तू ठेव. मी दर रविवारी येईन बघायला. खरंच."

रास्मिनी मला दुसऱ्या दिवशी म्हणाली, "म्बोक, पोरगी दर रविवारी म्हणाली. मी काय नाही म्हणणार होते?"

पण गोडो सोपी नव्हती. गल्लीतून स्कूटर गेली की ती अंगावर धावून जाई. हेल्मेट घातलेला माणूस दिसला की तिचे केस उभे, दात बाहेर. झाडू पाहिला की मुतायची. सुआर्दा कामावरून आला तरी रोज भुंकायची, रोज नव्याने, जणू त्याला जन्मात पाहिलेलं नाही.

"स्वतःच्या घरात शिरायला मला परवानगी घ्यावी लागते," तो म्हणायचा.

कोमांगचा सूर वेगळा. "कुत्री नाही ही, भोंगा आहे भोंगा. माझ्या नैवेद्याची परडी खाली ठेवली की तोंड घालते, आणि माणूस दिसला की किंचाळते. शेजारची बाई मला विचारते, तुमच्याकडे कुणाला मारतात का हो?"

रास्मिनी पिल्लाला उचलून मागच्या खोलीत न्यायची. पण उचललं की ते आणखी थरथरायचं.

फेब्रुवारीत वस्तीत कुत्र्यांना लस टोचायला गाडी आली. त्यात एक तरुण डॉक्टरीण होती, एर्ना. तिने गोडोला टोचलं, गळ्यात लाल पट्टा बांधला आणि रास्मिनीकडे पाहिलं.

"हिला मारता का?"

"नाही हो."

"ओरडता?"

रास्मिनीने ओट्याकडे पाहिलं. ओट्यावरून कोमांग म्हणाली, "मी ओरडते. कुणीतरी ओरडायला नको?"

डॉक्टरीण हसली. तिथेच उकिडवी बसली, पिल्लाकडे पाठ करून. "ती चिडकी नाही, घाबरलेली आहे. स्कूटर येते, ही भुंकते, स्कूटर जाते. स्कूटर तशीही जाणारच असते, पण हिला वाटतं आपण पळवली. मग पुढच्या वेळी आणखी जोरात. ओरडलात तर तिला वाटणार, तुम्ही पण घाबरलात."

"मग करू काय?"

"एक जागा द्या तिला. रस्ता दिसणार नाही अशी. तिथे ती असली किंवा कुठे अडकली की कुणी हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. आणि स्कूटर लांब असतानाच तोंडात काहीतरी चांगलं द्या. भुंकायच्या आधी. ती लांबूनच खायला शिकली की मग थोडं जवळ. घाई करायची नाही. एक दिवस पुढे गेलं, दोन दिवस मागे आलं, तरी चालतं."

रास्मिनीने ते जसंच्या तसं धरलं. भाताच्या जुन्या कोठाराखाली एक कोपरा होता. तिथे तिने गोणपाटाचा पडदा लावला आणि आत आपलं एक जुनं लुगडं न धुता अंथरलं. रोज संध्याकाळी कोंबडीची काळजं उकडायची, शेंगदाण्याएवढे तुकडे करायचे. पहाटे कामावर यायच्या आधी गोडोला दोरीला बांधून शेताच्या बांधावर जाऊन बसायची. मोठा रस्ता तिथून शंभर पावलांवर. स्कूटरचा आवाज ऐकू आला की एक तुकडा. आवाज गेला की तुकडे बंद. एवढंच.

लाँड्रीत चहाच्या वेळी ती मला सांगायची. तिच्या तोंडून इतकं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"म्बोक, आज सात स्कूटर गेल्या आणि ती माझ्याकडेच बघत राहिली."

"तुझ्याकडे कसली बघते, काळजाकडे बघत असेल."

"बघू दे की! आधी तिकडे बघायची ना?"

मी तिला चिडवायचे, "आमच्या नवऱ्याला पण शिकव बाई, स्कूटर दिसली की माझ्याकडे बघायला." ती हसायची. पुढचे दात जरा पुढे होते तिचे, हसली की ओठावर हात जायचा.

सिंत्याने शब्द पाळला. दर रविवारी यायची, आणि आता ओट्याच्या कडेला नाही, खाली मातीत बसायची. हेल्मेटचं काम तिने अंगावर घेतलं. आधी हेल्मेट नुसतं अंगणात ठेवलं, आत काळजाचे तुकडे. गोडो दोन रविवार त्याच्या भोवती फिरली. तिसऱ्या रविवारी तोंड आत घातलं. मग सिंत्याने ते हातात धरलं, मग मांडीवर, मग डोक्यावर उलटं ठेवलं. मायलेकी डोकं टेकवून कुजबुजायच्या, आवाज केला तर पिल्लू दचकेल म्हणून. त्या कुजबुजण्यात सिंत्या शाळेतलं सांगायची, मैत्रिणीशी अबोला धरल्याचं सांगायची, तिकडच्या घरात नव्या बाईला बाळ होणार असल्याचंही तिने तसंच सांगितलं. समोरासमोर बसून तिने ते कधी सांगितलं नसतं.

मार्चमध्ये न्येपी आली, म्हणजे आमचा मौनाचा दिवस. आदल्या संध्याकाळी राक्षसांच्या मिरवणुका, ढोल, बांबूच्या तोफा. रास्मिनी गोडोला घेऊन मागच्या खोलीत बसली. खिडकीला गादी लावली, पंखा सोडला, मांडीवर तिचं डोकं. गोडो कापत होती पण किंचाळली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं बेट गप्प. रस्त्यावर चिटपाखरू नाही, स्कूटर नाही, चूल नाही, कुणी मोठ्याने बोलायचं नाही. सकाळी गोडो गोणपाटाच्या पडद्यातून बाहेर आली, अंगणात भर मधोमध गेली, कुशीवर वळली आणि चारही पाय वर करून झोपली. सुआर्दा तिला ओलांडून गेला. तिने एक डोळा उघडला, शेपटी एकदा आपटली आणि डोळा पुन्हा मिटला.

"मी दिवसभर तिच्याकडे बघत बसले, म्बोक," रास्मिनी मला म्हणाली. "मला वाटलं, ह्या घरात मी सुद्धा आजच…" मग ती थांबली आणि पुढची चादर ओढून घेतली.

त्यानंतर महिनाभरात गालुंगानचा सण आला. सणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नातेवाइकांकडे जायचं असतं. सिंत्या नवी पिवळी ओढणी कमरेला बांधून आली. तिकडून पहिल्यांदाच तिला रात्री राहायची परवानगी मिळाली होती. रास्मिनीने तिच्यासाठी उशीला नवा अभ्रा शिवला होता.

दुपारी गल्लीत मुलांचा घोळका आला, बारोंगचा, म्हणजे सिंहासारख्या देवाचा, मुखवटा नाचवत, ढोल आणि झांजा वाजवत. सणात ते घरोघर जातात. पण त्या दिवशी कुणीतरी फाटक उघडं ठेवलं होतं, आणि ढोल थेट अंगणात आला. गोडो कोठाराकडे पळाली. वाटेत पाहुण्यांच्या स्कूटर उभ्या होत्या, तिला आत शिरता येईना. ती भिंतीच्या कोपऱ्यात अडकली.

सिंत्या धावली. "घाबरू नको गोडो, मी आहे ना," म्हणत तिने तिला घट्ट कवटाळलं. पोरीने मायेनेच केलं. पण गोडोला त्या क्षणी हात दिसले नाहीत, फक्त पकड कळली. तिने मनगट धरलं आणि सोडलं. एकदाच. दोन दात खोल गेले होते.

ढोल थांबला. सुआर्दाने पोरीला नळाखाली बसवलं आणि साबण लावून पाव तास हात धुतला, मग दवाखान्यात नेऊन सुया टोचून आणल्या. सिंत्या रडत नव्हती. परत आल्यावर आईला म्हणाली, "माझंच चुकलं, मेमे. डॉक्टर म्हणाली होती ना, अडकलेली असली की धरायचं नाही. तू तिला काही करू नको."

"नाही करणार," रास्मिनी म्हणाली. मी तिथेच होते, पाहुणी म्हणून गेले होते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

त्या रात्री सिंत्या राहिली नाही. काका येऊन तिला घेऊन गेला.

कुत्री चौदा दिवस बांधून ठेवायची होती. डॉक्टरीण दोनदा येऊन बघून गेली. पंधराव्या दिवशी म्हणाली, धडधाकट आहे, लसही झालेली आहे, पिसाळण्याची भीती नाही. त्याच संध्याकाळी रास्मिनीचा पूर्वीचा नवरा विदना आला. शर्टाची सगळी बटणं लावलेला, हातात फळांची टोपली. कोमांगने कॉफी दिली.

"आईचं म्हणणं असं आहे," तो कपाकडे बघत म्हणाला, "की ती कुत्री इथे असेपर्यंत पोरीला पाठवायचं नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय ती…"

"मी सांगितलं आईला. पण तिचं वय झालंय, रास्मिनी. तिच्याशी कोण वाद घालणार?"

तो गेल्यावर सुआर्दा म्हणाला, "हे बघ, मी काही म्हणत नाही. पण एका कुत्रीपायी पोरगी घालवशील?" आणि कोमांग, जी तीन महिने करवादत होती, ती हळू आवाजात म्हणाली, "आत्ता कुठे रुळली होती गं ती."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत रास्मिनीच्या हातून एक अभ्रा जळला. सहा वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा मीच म्हटलं, माझी मावशी डोंगरात संत्र्याच्या बागेत एकटी राहते. तिथवर रस्ता जात नाही, गाड्या नाहीत, ढोल नाहीत. घाबरट कुत्र्याला त्याहून चांगली जागा कुठली? मी चांगल्या मनाने म्हटलं होतं. आज वाटतं, जीभ आवरली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी आम्ही रस्ता संपेपर्यंत भाजीवाल्याच्या टेंपोतून आणि पुढे पायी गेलो. गोडो वाटभर रास्मिनीच्या पायाशी. मावशीला तिने सगळं सांगितलं: आधी आठ दिवस बांधून ठेवा, लांब दोरीने. डोळ्याला डोळा भिडवू नका. झाडू तिच्यासमोर उचलू नका. जुनं लुगडं तिने झाडाखाली अंथरलं, त्यावर काळजाचा डबा पालथा केला. आम्ही उतरायला लागलो तेव्हा मला वाटलं आता भुंकेल, ऊर फुटेस्तोवर भुंकेल. गोडो भुंकली नाही. लुगड्यावर बसून आमच्याकडे बघत राहिली, रास्मिनीनेच शिकवलं होतं तशी.

कुत्री गेल्याचा निरोप सुआर्दाने विदनाला दिला होता, पण पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी सिंत्या आली. सरळ कोठाराकडे गेली आणि पडदा उचलला.

"कुठंय?"

रास्मिनीने सांगितलं.

पोरगी गोणपाट हातात धरूनच म्हणाली, "मी म्हटलं होतं तिला काही करू नको."

"बाळा, तुझ्या आजीने…"

"आजी कायम असंच बोलते. मी तिला मनवलं असतं. एक महिना लागला असता, दोन लागले असते. तू मला विचारलं का नाहीस?" आणि मग ती म्हणाली, "तू तिकडून निघालीस तेव्हा पण कुणी मला विचारलं नव्हतं. तू पण नाही."

रास्मिनीने तिच्या हातातलं गोणपाट सोडवून घेतलं. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी आपण दोघी तिला भेटायला जाऊ."

बुधवारी मावशीचा फोन आला. गोडोने दोरी कुरतडली होती.

आम्ही दोघींनी लाँड्रीत रजा टाकली. तीन दिवस माझ्या स्कूटरवर तो डोंगर वर-खाली केला. रास्मिनी मागे बसून हाका मारायची. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका वळणावरचा पंक्चरवाला म्हणाला, "तांबडी, लाल पट्टा? परवा गेली की. खाली चालली होती. कडेकडेने जात होती, स्कूटर आली की गटाराशी दबून बसायची, गेली की पुन्हा चालायला लागायची. मी पाव टाकला, पण थांबली नाही."

खाली म्हणजे आमच्या गावाच्या बाजूला. तिथून घर तीस किलोमीटर तरी असेल. भुंकायचं ती विसरली होती, आणि घर कुठलं ते तिला पक्कं कळलं होतं. दोन्ही रास्मिनीनेच शिकवलेलं. पंक्चरवाल्याच्या बाकावर ती बसली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली, आवाज न करता, ओठावर हात ठेवून.

गोडो घरी पोचली नाही. पुढे कुणाला दिसलीही नाही.

रास्मिनीने ते लेकीपासून लपवलं नाही. शनिवारी शाळेच्या फाटकाशी जाऊन सांगितलं. सिंत्याने ऐकून घेतलं, सायकल वळवली आणि गेली. मग रविवार आले आणि गेले. आता अडवणारं कुणी नव्हतं. आजीने उलट विचारलं म्हणे, जात का नाहीस आईकडे. पोरगीच जायला तयार नव्हती. सहा-सात महिने रास्मिनी घराचं फाटक अर्धवट उघडं ठेवायची. कोंबड्या बाहेर जायच्या, पण कोमांग एकदाही बोलली नाही.

पुढच्या गालुंगानला सिंत्या आली. बापाबरोबर, तासभर. रास्मिनी तिला म्हणाली, "मी तुला विचारायला हवं होतं. दोन्ही वेळा." सिंत्याने मान डोलावली. त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने यायला लागली, पूर्वीसारखी. त्या रविवारांसारखं कुजबुजणं मात्र पुन्हा झालं नाही. झालं असतं तर रास्मिनीने मला सांगितलं असतं.

गेल्या वर्षी रास्मिनीने लाँड्रीजवळ एक खोली भाड्याने घेतली. सुआर्दाला राग आला, लोक काय म्हणतील म्हणाला. पण सामान त्यानेच वाहून आणून दिलं. सिंत्या आता पंधराची आहे, आईपेक्षा उंच. खोली बघायला एकटी आली. खिडकी उघडून बघितली, नळ सोडून बघितला, पाण्याला जोर आहे म्हणाली. मी केळी घेऊन गेले होते, तिघींनी चहा घेतला. रास्मिनीने हळूच विचारलं, "राहतेस का आज?"

"आज नको," सिंत्या म्हणाली. "उद्या परीक्षा आहे."

खरंच परीक्षा होती की नाही, कोण जाणे. आम्ही तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. पुढच्या महिन्यात ती एक रात्र राहिली.